कपाशीचें शेत व त्यांतील बिऱ्हाडें

ढाणकीहून कोणत्याही वाटेनें बाहेर पडलें, तरी थोड्याच वेळांत काळी जमीन लागते, आणि पावसाळ्याच्या दिवसांत त्या जमिनीवर कपाशीच्या हिरव्या ओळी दिसूं लागतात. आपल्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांचें अन्न, वस्त्र, वह्यापुस्तकें व शाळेची फी या ओळींतूनच येते. तेव्हां कपाशी म्हणजे काय हें अशा मुलांस शिकविण्याची गरज नाहीं, असें कोणासही वाटेल. आम्हांसही तसेंच वाटत असे. परंतु गेल्या श्रावणांत आम्ही नववीच्या मुलामुलींस घेऊन गांवाबाहेरील एका शेतांत गेलों. प्रत्येकाला एकेक झाड नेमून दिलें व सांगितलें, "या झाडावर, झाडाखालीं व झाडाभोंवतीं जें जें जिवंत दिसेल, तें अर्धा तास स्वस्थ बसून पाहा आणि वहींत लिहून काढा."

अर्ध्या तासानें आम्हीं वह्या पाहिल्या. कोणीं नऊ प्राणी लिहिले होते, कोणीं चौदा. एका मुलीच्या वहींत बावीस नांवें होतीं, आणि त्यांच्याखालीं तिनें लिहिलें होतें: "आणखी आहेत, पण त्यांचीं नांवें मला ठाऊक नाहींत." शेताचे मालक जवळच उभे होते. ते म्हणाले, "गुरुजी, कपाशी आम्ही जन्मभर पाहत आलों, पण कपाशीवर कोण कोण राहतें, हें कधीं मोजलें नाहीं."

त्या मुलीच्या वहींतील यादी हाच आजच्या पाठाचा विषय आहे. ही यादी म्हणजे नुसत्या नांवांची माळ नव्हे. तींतील प्रत्येक प्राण्याचें दुसऱ्या कोणाशीं तरी कांहीं नातें आहे, आणि तीं नातीं न ओळखतां शेतांत हात घातला, तर तो कसा अंगाशीं येतो, हें आपल्या जिल्ह्यानें फार दुःखानें अनुभविलें आहे.

शास्त्राचें नांव

सजीव आणि त्यांची परिस्थिति यांच्या परस्परसंबंधांचा विचार करणाऱ्या शास्त्राला एर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें १८६६ सालीं नांव दिलें. तेंच इंग्रजींत 'इकॉलॉजी' झालें. मराठींत त्याला आपण परिस्थितिविज्ञान म्हणूं. या नांवाच्या मुळाशीं 'ओइकोस' हा ग्रीक शब्द आहे, आणि त्याचा अर्थ 'घर' असा आहे. म्हणजे हें शास्त्र घराचें शास्त्र आहे. घरांत माणसें किती, मिळवितो कोण, खातो कोण, केरवारा कोण काढतो आणि शेजाऱ्याशीं कोणाचें कसें पटतें, हे जसे घराविषयींचे प्रश्न, तसेच प्रश्न हें शास्त्र रानाविषयीं, तळ्याविषयीं व शेताविषयीं विचारतें.

याच 'ओइकोस' शब्दापासून ग्रीक भाषेंत दुसऱ्याच्या घराची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाला एक नांव पडलें. नव्या करारांत आपण जेथें 'कारभारी' असें वाचतों, तेथें पुष्कळदां मूळ ग्रीकांत हाच शब्द असतो. विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. लेखाच्या अखेरीस तिचें काम पडेल.

१९३५ सालीं आर्थर टॅन्सली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें आणखी एक विचार पुढें मांडला. त्याचें म्हणणें असें कीं, केवळ सजीवांचा विचार करून भागत नाहीं; माती, पाणी, हवा, ऊन हीं निर्जीव असलीं तरी त्याच घराच्या भिंती व छप्पर होत. सजीव व निर्जीव मिळून जी एक व्यवस्था होते, तिला मराठींत परिसंस्था म्हणतात. पैनगंगेच्या कांठचें सागाचें जंगल ही एक परिसंस्था, गांवचें तळें ही दुसरी, आणि आपलें कपाशीचें शेत ही तिसरी.

घरांतील तीन मंडळी

या घरांतील मंडळी तीन प्रकारची असते. पहिली मिळविणारी. कपाशी, तूर, धुऱ्यावरची बाभूळ, ओळींतलें गवत या सर्व हिरव्या वनस्पति सूर्याचें ऊन, हवेंतील कर्बवायु व मुळांनीं ओढलेलें पाणी यांपासून आपलें अन्न आपणच तयार करितात. जगांतील जवळजवळ सारें अन्न अखेरीस हिरव्या पानाच्या या कारखान्यांतून निघालेलें असतें.

दुसरी मंडळी खाणारी. तींत पानांचा रस शोषणारे मावा व तुडतुडे आहेत, पानें कुरतडणाऱ्या अळ्या व टोळ आहेत. त्यांना खाणारे कोळी, बेडूक, सरडे व पाखरें आहेत. बैल, बकरी आणि आपण माणसेंही याच पंक्तीला बसतों.

तिसरी मंडळी आवराआवर करणारी. गळालेलें पान, मेलेला किडा, पडलेलें शेण यांचें पुढें काय होतें? वाळवी, गांडूळ, शेणकिडे, बुरशी आणि डोळ्यांस न दिसणारे जिवाणु त्याचे बारीक बारीक भाग करून तें मातींत मिळवितात. मग तेंच द्रव्य पुढच्या वर्षीं मुळांवाटे पुन्हां पानांत चढतें. ही मंडळी आपला व्यवसाय सोडून एक वर्षभर स्वस्थ बसली, तर शेतांत पाय ठेवण्यास जागा उरणार नाहीं आणि जमिनीचा कस संपून जाईल. हीं सर्वांत मुकीं व सर्वांत उपकारी बिऱ्हाडें होत. परंतु आमच्या मुलांच्या वह्यांत त्यांचीं नांवें सर्वांत कमी होतीं.

अन्नाची सांखळी

कपाशीच्या पानावर अळी, अळीला खाणारा सरडा, सरड्याला उचलणारा शिक्रा, अशी एक सांखळी सहज दिसते. चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२७ सालच्या आपल्या ग्रंथांत या अन्नसांखळीचें विवेचन केलें आणि एक साधी गोष्ट दाखवून दिली: सांखळींत जसजसें वर जावें, तसतशी प्राण्यांची संख्या कमी होत जाते. अळ्या हजारों, पाखरें कांहीं, शिक्रा एखादाच.

असें कां व्हावें? रेमंड लिंडेमन या अमेरिकन तरुणाच्या १९४२ सालच्या निबंधानें याचें कारण स्पष्ट झालें. खाल्लेल्या अन्नांतील बहुतेक शक्ति हिंडण्याफिरण्यांत, श्वासोच्छ्वासांत व अंगाच्या उष्णतेंत खर्च होते. वरच्या पायरीला पोंचते ती स्थूलमानानें एक दशांश. आपल्या जुन्या मापानें सांगावयाचें, तर हजार शेर पाल्यावर शंभर शेर अळ्या पोसतात, शंभर शेर अळ्यांवर दहा शेर पाखरें, आणि दहा शेर पाखरांवर एक शेर शिक्रा. हें गणित अगदीं कांटेकोर नाहीं. पण त्यावरून मोठ्या शिकारी प्राण्याला एवढा मुलूख कां लागतो, हें कळतें.

याचें एक उदाहरण आपल्याच भागांतलें आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांत जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ सालीं स्वतःसाठीं जागा शोधावयास निघाला. त्याच्या गळ्यांत रेडिओचा पट्टा बांधलेला असल्यामुळें त्याची वाट कळत गेली. पैनगंगेच्या या मुलखांतून, तेलंगणांत शिरून व परत येऊन, हिंगोली व वाशीमकडील शेतांच्या कडेनें तो त्या वर्षाच्या डिसेंबरांत बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. तोंपर्यंत त्याची सुमारें १३०० किलोमीटरांची चाल झाली होती. ज्या सांखळीचें एक टोंक आपल्या शेतांतील गवताच्या पात्याशीं आहे, तिचें दुसरें टोंक अशा वाघाशीं आहे.

मात्र सांखळी हा शब्दही थोडा अपुराच आहे. सरडा एकच किडा खात नाहीं, आणि त्या किड्यालाही खाणारा एकटा सरडाच नसतो. अशा अनेक सांखळ्या एकमेकींत गुंतून जें होतें, तें कोळ्याचें जाळें. जाळ्याचा एक धागा हालविला कीं दुसऱ्या टोंकाला हादरा बसतो.

शेजारधर्माचे प्रकार

खाणें व खाल्लें जाणें एवढेंच नातें या घरांत असतें, असें मात्र नाहीं. मुलांच्या वह्यांतूनच आम्ही कांहीं प्रकार सांगतों.

एका मुलानें लिहिलें होतें, "माव्याजवळ मुंगळे फिरत होते, पण त्यांनीं मावा खाल्ला नाहीं." निरीक्षण अचूक आहे. मावा पानाचा रस इतका पितो कीं, त्यांतील जास्तीचा गोड भाग तो बाहेर टाकतो. हाच तो पानांवरचा चिकटा. मुंग्यांना तो फार आवडतो. म्हणून त्या माव्याला गाईप्रमाणें राखतात आणि त्याला खावयास येणाऱ्या ढालकिड्याला हुसकून लावतात. दोघांचाही फायदा. याला सहजीवन म्हणतात. कपाशीच्या ओळींत तूर असते, तिच्या मुळांवरील गांठी उपटून पाहा. त्यांत राहणारे जिवाणु हवेंतील नत्र झाडाला खावयास देतात व झाड त्यांना साखर पुरवितें. आपल्या वाडवडिलांना नत्र हा शब्द ठाऊक नव्हता. परंतु कपाशीबरोबर तूर पेरावी हें त्यांना पक्कें ठाऊक होतें.

बैलामागून चालणारा गायबगळा बैलाच्या पायांनीं उडालेले टोळ टिपतो. त्यांत बगळ्याचा लाभ होतो आणि बैलाचें जात कांहींच नाहीं. याच्या उलट अमरवेल. ती ज्या झाडावर चढते, त्याचाच रस पिते व त्याला झिजविते. हें परोपजीवन झालें. कपाशी आणि ओळींतलें तण यांच्यामध्यें ऊन, पाणी व खत यांसाठीं जी ओढाताण चालते, ती स्पर्धा. डवरणी करणारा शेतकरी त्या स्पर्धेंत कपाशीची बाजू घेत असतो.

आणि ज्या ढालकिड्याचें नांव वर आलें, त्याची अळी तर विद्यार्थ्यांनीं अवश्य ओळखूं शिकावें. ती काळपट, लांबट व खरबरीत असते. एखाद्या इवल्याशा सुसरीसारखी दिसते. तिचें रूप पाहून पुष्कळ लोक तिला कीड समजतात व चिरडून टाकतात. वस्तुतः ती आपल्या लहानशा आयुष्यांत शेंकडों मावे खाते. शत्रु समजून आपणच आपला राखणदार मारावा, असा हा प्रकार आहे.

गुलाबी अळीची कथा

आतां आपण पाठाच्या मुख्य भागाकडे येऊं. गुलाबी बोंडअळी हें नांव ढाणकी परिसरांतील लहान मुलासही ठाऊक आहे. शास्त्रीय ग्रंथांत या किड्याचें पहिलें वर्णन १८४३ सालचें आहे, आणि तें गुजराथेंतील भडोच येथील कपाशीवर सांपडलेल्या नमुन्यांवरून केलेलें आहे. म्हणजे ही कीड कपाशीची जुनी सोबतीण आहे. हिचा करड्या रंगाचा लहान पतंग रात्रीं फिरतो व पात्यांवर, फुलांवर, कोंवळ्या बोंडांवर अंडीं घालतो. अंड्यांतून निघालेली अळी बोंडांत शिरते, आणि तिच्या शिरण्याचें भोंक लवकरच बुजून जातें. बाहेरून बोंड निरोगी दिसतें आणि आंत सरकी खाल्ली जात असते. फुलांत अळी असली, तर पाकळ्या उमलत नाहींत व फूल गुलाबाच्या कळीसारखें मिटलेलें राहतें. त्यालाच डोमकळी म्हणतात.

बोंडअळ्यांवर उपाय म्हणून आपल्या देशांत २००२ सालीं बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बीटी हें मातींत आढळणाऱ्या एका जिवाणूचें संक्षिप्त नांव आहे. जपानांत इशिवाता या संशोधकाला तो १९०१ सालीं मेलेल्या रेशीमकिड्यांत सांपडला, आणि पुढें जर्मनींतील थुरिंगिया प्रांतावरून त्याला नांव मिळालें. अळीच्या आंतड्यांस घातक असें एक द्रव्य हा जिवाणु बनवितो. तें द्रव्य बनविण्याचा गुण शास्त्रज्ञांनीं कपाशीच्या बीजांत घातला. २००६ सालीं अशा दोन द्रव्यांचें वाण आलें. आरंभीं बोंडअळ्या कमी झाल्या, फवारे कमी झाले, पीक वाढलें. आणि थोड्याच वर्षांत देशांतील कपाशीच्या शंभर एकरांपैकीं नव्वदांहून अधिक एकर बीटीखालीं आले.

येथवर सर्व ठीक होतें. पण जाळ्याचा एक धागा आपण विसरलों. लाखों अळ्यांत चारदोन अशा निघतात कीं, त्यांना हें विष जन्मतःच बाधत नाहीं. बाकीच्या मरतात, या वांचतात. यांचेच पतंग होतात, आणि पुढील पिढी त्यांच्या गुणाची निपजते. डार्विननें १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत ज्या निवडीचें वर्णन केलें, तीच निवड आपल्या शेतांत महिन्यामहिन्याला चालली होती. कारण उष्ण हवेंत या किड्याची एक पिढी सुमारें महिन्याभरांत पुरी होते.

शास्त्रज्ञांस याची कल्पना नव्हती असें नाहीं. म्हणूनच शेताच्या कडेनें साध्या, बिगरबीटी कपाशीच्या ओळी लावाव्या, असा नियम होता. त्या ओळींवर साध्या अळ्या वाढाव्या, त्यांच्या पतंगांचा जोडा विष पचविणाऱ्या थोड्या पतंगांशीं जमावा व त्यांची प्रजा पुन्हां विषाला बळी पडावी, असा त्यांतील हेतु. परंतु किड्यांसाठीं चार ओळी सोडावयाच्या, हें ज्याचें पोट त्या ओळींवर आहे त्याला पटणें कठीण. बहुतेकांनीं त्या ओळी लावल्या नाहींत. शिवाय पाणी असलेल्या शेतकऱ्यांनीं फरदड घेऊन कपाशी उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवली, आणि पऱ्हाटीचे ढीग सरपणासाठीं बांधावर रचून राहिले. अळीला बारा महिने घर मिळालें. गुजराथेंतील कांहीं जिल्ह्यांत बीटीचें पहिलें द्रव्य पचविणारी गुलाबी अळी आढळल्याचें २०१० सालीं जाहीर झालें. आणि २०१७ सालीं दोन्ही द्रव्यें असलेल्या कपाशीचीं बोंडें विदर्भांत ठिकठिकाणीं किडलेलीं निघालीं. किती घरांत त्या वर्षीं दिवाळी झाली नाहीं, हें पालकांस सांगावयास नको.

औषध कीं विष?

आपल्याकडे फवाऱ्याच्या विषाला 'औषध' म्हणण्याची रीत आहे. शब्द किती फसवा! औषध आजाऱ्याला देतात. हें मात्र शेतांतील सगळ्याच बिऱ्हाडांवर पडतें. मावा मरतो, त्याबरोबर ढालकिडाही मरतो. पण मावा आठदहा दिवसांत वाढून पुन्हां पिलें देऊं लागतो, ढालकिड्याला मात्र संख्या भरून काढण्यास कितीतरी अधिक दिवस लागतात. शिपायांशिवाय उरलेल्या शेतांत शत्रु पुन्हां शिरतो, मग दुसरा फवारा, मग तिसरा. रोगापेक्षां इलाज भयंकर म्हणतात, तो असा.

त्याच २०१७ सालच्या पावसाळ्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारतांना शेंकडों शेतकऱ्यांस व शेतमजुरांस विषबाधा झाली आणि वीसाहून अधिक माणसें दगावलीं. त्या सालीं कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती, म्हणून फवारा तोंडावर येत असे. तोंडाला फडकें नाहीं, हातांत मोजे नाहींत, दोनतीन विषें एकत्र कालविलेलीं, आणि रोजाचें काम असल्यामुळें दिवसभर पाठीवर पंप. या माणसांना दोष देण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. कर्ज काढून पेरलेलें पीक डोळ्यांदेखत जात असतां हातीं असेल तें साधन माणूस वापरतोच. परंतु ज्या घरांतील कर्ता पुरुष असा गेला, त्या घरांतील मूल उद्यां आपल्या वर्गांत येऊन बसणार आहे. त्याच्यापुढें हा धडा शिकवितांना आमचा आवाज सहज निघत नाहीं. तरीही तो न शिकविणें हा अधिक मोठा अपराध होईल असें आम्हांस वाटतें.

विषाचा धागा किती दूर जातो याचें दुसरें उदाहरण आपल्या आकाशांतलें आहे. जुन्या माणसांस विचारा: गांवाबाहेर जनावर पडलें कीं गिधाडें उतरत असत, तीं आतां कां दिसत नाहींत? १९९० नंतरच्या दहापंधरा वर्षांत भारतांतील गिधाडांच्या तीन जाती शेंकडा पंचाण्णवांहून अधिक घटल्या. गुरांच्या दुखण्यावर दिलें जाणारें डायक्लोफिनॅक नांवाचें औषध मेलेल्या जनावराच्या अंगांत उरतें, आणि तें मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड त्यानें निकामी होतात, हें २००४ सालीं सिद्ध झालें. २००६ सालीं गुरांसाठीं त्याच्या वापरावर सरकारनें बंदी घातली. गाईची वेदना कमी करणें हा हेतु किती चांगला! पण गाईचें गिधाडाशींही नातें आहे, हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें.

नातीं ओळखून केलेला उपाय

मग माणसानें हात जोडून स्वस्थ बसावें काय? मुळींच नाहीं. नातीं ओळखून उपाय केला, तर सृष्टिच आपल्या बाजूनें काम करिते. कॅलिफोर्नियांतील संत्र्यामोसंब्यांच्या बागा एका पांढऱ्या खवलेकिडीनें उजाड होत होत्या. ती कीड ऑस्ट्रेलियांतून आलेली. म्हणून १८८८ सालीं तिचा शत्रु असलेला एक लहान ढालकिडा ऑस्ट्रेलियांतून आणून बागांत सोडण्यांत आला, आणि थोड्याच काळांत बागा सांवरल्या.

कपाशीसाठींही अशाच रीती आहेत. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व आपलीं कृषि विद्यापीठें त्या सांगत असतात. पालकांच्या सोयीसाठीं त्यांतील मुख्य येथें देतों.

कपाशी डिसेंबर-जानेवारींत संपवावी, फरदड घेऊं नये, आणि पऱ्हाटीचे ढीग शेतांत अथवा घराशीं पावसाळ्यापर्यंत ठेवूं नयेत. खावयास अन्न नसलें कीं अळीची सांखळी तुटते. पेरणी पावसाआधीं घाईनें करूं नये. शेतांत कामगंध सापळे टांगावे. त्यांतील गोळीला मादीचा वास असतो, त्यानें नर पतंग येऊन अडकतात. एका सापळ्यांत लागोपाठ तीन रात्रीं आठ आठ पतंग सांपडले, किंवा शंभर फुलाबोंडांत दहा किडलेलीं आढळलीं, तरच विषाचा विचार करावा. तोंवर मोजीत राहावें. डोमकळ्या दिसतील तशा तोडून नष्ट कराव्या. ट्रायकोग्रामा नांवाचा एक अतिसूक्ष्म कीटक बोंडअळीच्या अंड्यांतच आपलीं अंडीं घालतो. त्याचीं कार्डें मिळतात, तीं पानांस लावावीं. मात्र लावल्यावर फवारा मारूं नये. एकाच शेतांत दरसाल कपाशीच घेऊं नये.

आणि फवारणें भागच पडलें, तर वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारूं नये, अंग झांकावें, विषें एकत्र कालवूं नयेत, उपाशीपोटीं काम करूं नये. लहान मुलांस त्या कामाजवळ मुळींच येऊं देऊं नये. रिकामा डबा धुऊन घरांत पाण्यासाठीं किंवा धान्यासाठीं वापरूं नये. चक्कर, ओकारी, डोळ्यांपुढें अंधारी असें कांहीं झालें, तर वाट न पाहतां दवाखाना गांठावा व डबा बरोबर न्यावा, म्हणजे कोणतें विष हें डॉक्टरांस कळेल.

यांतील सर्वांत कठीण अट अशी कीं, हें एकट्यानें करून भागत नाहीं. पतंगाला धुरा कळत नाहीं. मीं माझी पऱ्हाटी काढली आणि शेजाऱ्यानें ठेवली, तर त्याच्या ढिगांतील पतंग माझ्या फुलांवर येणारच. म्हणून गांवानें एकत्र बसून ठरविलें पाहिजे. शेजाऱ्यावर प्रीति करावी ही आज्ञा आपण धर्माची म्हणून शिकतों. कपाशीचें शेत सांगतें कीं ती व्यवहाराचीही आहे.

कारभारी

आरंभीं 'कारभारी' हा शब्द ध्यानांत ठेवण्यास आम्हीं सांगितलें होतें. कारभारी घराचा मालक नसतो. त्याच्या हातीं किल्ल्या असतात, अधिकार असतो. परंतु हिशेब द्यावयाचा असतो. पवित्र शास्त्रांत पहिल्या मनुष्याला बागेंत ठेवल्याची जी कथा आहे, तींतही त्याला काम दिलें आहे तें जमीन कसण्याचें आणि सांभाळण्याचें. आमच्या शाळेंत अनेक धर्मांचीं मुलें शिकतात, व जमीन ही आपल्याकडे सोंपविलेली ठेव आहे ही गोष्ट त्यांच्यापैकीं कोणाच्याही घरीं परकी वाटणार नाहीं. चांगला कारभारी घरांत कोण कोण राहतें हें आधीं मोजतो आणि मग हुकूम देतो. त्या मुलीनें वहींत लिहिलेलें शेवटचें वाक्य म्हणूनच आम्हांस फार मोलाचें वाटलें. आणखी आहेत व त्यांचीं नांवें मला ठाऊक नाहींत, असें ज्याला मनापासून वाटतें, तोच हात घालण्यापूर्वीं क्षणभर थांबतो.

विद्यार्थ्यांसाठीं अभ्यास

१. आपल्या शेतांतील अथवा अंगणांतील एका झाडाजवळ अर्धा तास बसा व दिसतील त्या प्राण्यांची यादी करा. मिळविणारे, खाणारे व आवराआवर करणारे असे तीन भाग पाडा.

२. त्या यादींतून एक अन्नसांखळी लिहा. तींतील मधला एक प्राणी खोडून टाका. त्याच्या खालच्याचें व वरच्याचें काय होईल तें सांगा.

३. तुरीचें एक रोप मुळासकट हलकेच उपटून गांठी मोजा.

४. गिधाडांविषयीं आजीआजोबांस विचारा व त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा.

५. घरीं कपाशी असेल, तर शंभर फुलें पाहून डोमकळ्या किती तें वडिलांसमवेत मोजा, व तो आंकडा शेजारच्या शेतकऱ्यासही सांगा.